चादरीच्या दोन पिना

ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यापुढं येते, आणि आली की मला मान वर करवत नाही. साहेब लोक रिटायर झाले की आपल्या केसेस लिहितात, खबर कशी आली, आरोपी कसा बोलता केला. मी साहेब नव्हती. मी होमगार्ड होती, अंबरनाथच्या बाजूच्या एका पोलीस स्टेशनला, आणि आता तीपण नाही, ड्युटी सोडली. माझी दहावी झाली तीपण दुसऱ्यांदा बसून, तर लिहिण्यात चुका असतील. नावं कोणाचीच लिहीत नाही, स्टेशनचं नाही, कंपनीचं नाही, त्या बाईचं तर अजिबात नाही.

तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची. तिला सासूकडं ठेवून मी आमच्या सिंधी वस्तीतल्या कॅम्प चारवरून शेअर रिक्षानं निघायची आणि आठच्या हजेरीला उभी राहायची. होमगार्डला स्टेशनमध्ये कोणी विचारत नाही. बंदोबस्त असला की रस्त्यावर उभं करतात, नसला की ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ बसवतात, आलेल्या बाईला पाणी दे, हा कागद झेरॉक्स करून आण. मला त्याचंपण मोठं वाटायचं. खाकी घालून गल्लीतून निघाली की शेजारची सिंधी आंटी माझ्या मुलीला सांगायची, "तेरी मम्मी पुलिस है, रोना मत." मला भीती एकच, कोणी बोलू नये की उद्यापासून येऊ नको. एवढ्याशा गोष्टीला घाबरून मी जे केलं ते लिहायला बसली आहे.

त्या दिवशी साडेअकराला फोन वाजला. मोरिवली गावातली एक मावशी, कंपनीच्या नवीन शेडचं काम चाललेलं तिथं गेटसमोर तिची चहाची टपरी. अंमलदारांनी स्पीकरवर घेतला तर तिचा आवाज सगळ्या खोलीत, "साहेब, हिते मशीनचा तुकडा मानसावर परलाय. टेम्पोत घालून नेतान त्याला. पोलिसाला कोनी नाय सांगला, मीच सांगतंय. माझा नाव नको लिवू."

अंमलदारांनी स्टेशन डायरीला नोंद घेतली, नाव न लिहिता. साहेब, म्हणजे आमचे तपास अधिकारी, दोन शिपाई घेऊन जागेवर गेले. बाकी सगळा स्टाफ कोणा मंत्र्याच्या बंदोबस्ताला. जखमी माणसाजवळ बसायला कोणीच नाही म्हणून साहेब मला बोलले, "तू जा हॉस्पिटलला. शुद्धीवर आला, काही बोलला, तर लगेच मला फोन. काय बोलतो ते नीट ऐक." नीट ऐक, हे त्यांचेच शब्द.

मी पळतच गेली. तो माणूस चाळीसच्या पुढचा, यूपीकडचा, मशीनवरचा हेल्पर. उजवा खांदा आणि छाती, काय सांगू, मला बघवत नव्हतं. डॉक्टरनी शर्ट कापून काढलेला, अंगावर फक्त हिरवी चादर, तीपण घसरत होती. मी स्टुलावर बसली. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, माझ्या खाकीकडं बघितलं आणि तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क डाव्या हातानं सरकवला.

"सेफ्टी पिन," तो बोलला.

मी वाकली. "क्या भैया?"

"सेफ्टी पिन नहीं है. मंगाया था. लाया नहीं."

मला वाटलं ह्याला लाज वाटतेय. उघड्या अंगानं पडलाय, समोर बाई माणूस, सिस्टरकडं पिन मागितली असणार आणि तिनं दिली नसणार. मला त्या सिस्टरचा रागपण आला. आम्हा बायकांच्या बांगडीला दोन-चार सेफ्टी पिना लटकलेल्या असतातच, ड्युटीवर फक्त घड्याळ चालतं पण मी एक पातळ बांगडी ठेवायची. मी त्यातली एक काढली आणि चादर त्याच्या मानेपाशी नीट ओढून लावली.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. परत तेच, "सेफ्टी पिन. नहीं लगाया."

"लगाया भैया, ये देखो." तरी त्याचं चालूच, म्हणून मी दुसरीपण काढली आणि खाली कमरेपाशी लावली. "अब दो लगाया. आराम से सो जाओ."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं ते मी माझ्या रुमालानं पुसलं. मला वाटलं दुखत असेल.

साहेबांचा फोन आला, "काही बोलला का?" मी बोलली, "नाही साहेब, नुसतं चादर नीट करा बोलत होता." अर्ध्या तासात त्याला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथं घशात नळी घातली, म्हणजे त्याचं बोलणंच बंद.

चारला मी स्टेशनला परत आली. आमच्याकडं एक जुन्या महिला शिपाई होत्या, मी त्यांना ताई बोलायची. त्यांना मी ही गोष्ट सांगितली, आणि कशी सांगितली तर गंमत म्हणून. त्या पोट धरून हसल्या. "अगं बाई, एवढं लोखंड पडलं अंगावर आणि ह्याला लाजेची पडलीय!" अंमलदारपण हसले, "आमच्या होमगार्डचं हत्यार बघा, बांगडीला लटकवून फिरते." संध्याकाळपर्यंत सगळे मला सेफ्टी पिन म्हणूनच हाक मारायला लागले. ए सेफ्टी पिन, पाणी आण. मीपण हसायची. एवढ्या पोलिसांच्या कानावरून ते शब्द गेले आणि एकालापण कळलं नाही. पण ते हॉस्पिटलला नव्हते. मी होती.

तिकडं संध्याकाळी पाचला पंचनामा झाला, कारण मधल्या वेळात साहेबांनापण बंदोबस्ताला बोलावून घेतलेलं. मशीनचा ऑपरेटर दुपारीच ताब्यात घेतलेला. बदलापूरच्या बाजूच्या गावातला, शेतीवाल्या घरातला, तिशीचा माणूस. साइटच्या सुपरवायझरनं जबाब दिला की सकाळी ऑपरेटर आणि हेल्पर यांचं मोठं भांडण झालं, सगळ्यांनी ऐकलं, आणि ऑपरेटरनं मुद्दाम मशीनचं ड्रिल हेल्परच्या अंगावर सोडलं. पंचांसमोर पोकलेनची, म्हणजे त्या खोदायच्या मशीनची, केबिन तपासली तर सीटखाली, ग्रीसनं माखलेल्या फडक्यात, एक लोखंडी दांडा सापडला. सुपरवायझर बोलला, हाच बघा, लावायचा सोडून लपवून ठेवलेला. तो कशाचा दांडा ते मी तेव्हा ऐकलंच नाही. कलम लागलं ते जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं.

दुसऱ्या दिवशी दहाला साहेबांनी ऑपरेटरला चौकशीला समोर घेतला. मी पाण्याचा जग घेऊन आत गेली. साहेब मारझोड करणारे नव्हते. ते आरोपीला त्याच्या कामाचं विचारायचे. बोलायचे, माणूस आपल्या कामाबद्दल खोटं बोलायला लागला की लगेच अडखळतो.

"मला काहीच माहीत नाही असं समज," साहेब बोलले. "बकेट काढून ड्रिल का लावलंत?"

"साहेब, खाली सगला काळा दगड. पयले मानूस खड्ड्यात उतरायचा हातड्रिल घेऊन. वरून माती यायची, धुरला नाकात, दोघंतिघं दरवर्षी जखमी. आता ड्रिल पोकलेनच्या हाताला लावतात. मी काचेच्या केबिनमध्ये, ड्रिल लांब, खड्ड्यात कोनी नाय. चांगली गोष्ट हाय साहेब. माझी बायको पन खूश व्हती."

"मग पडलं कसं?"

"हाताच्या टोकाला कपलर असतो साहेब, पंज्यासारखा. तो ड्रिलला पकडतो तेलाच्या प्रेशरवर. प्रेशर गेला तर पंजा उघडल, म्हणून मागं एक दांडा घालायचा हातानं, अंगठ्याएवढा जाड. मग प्रेशर गेला तरी पंजा उघडत नाय. तो दांडाच नव्हता. आठ दिवस झाले हरवून. मी मागितला, हेल्परनी मागितला. सुपरवायझर बोलला, आज चालव, उद्या आनतो."

"दांड्याला काय म्हणता तुम्ही?"

"सेफ्टी पिन, साहेब."

माझ्या हातातला जग टेबलावर आपटला, पाणी सांडलं. साहेब बोलले, "काय झालं?" मी बोलली, "काही नाही साहेब, हात ओला होता."

ते ऐकलं आणि मला सगळं समजलं. पुढं साहेबांनी विचारलं, सकाळी भांडण कशावरून, तर ऑपरेटर खाली मान घालून बोलला, "तो बोलत व्हता पिन लावल्याबिगर उचलू नको. मी त्याला शिवी दिली. सुपरवायझरचा फोन वर फोन येत व्हता. मी उचलला, ती माझी चूक हाय. तो पुढं गेला तेलाचा होज पाइप बघायला आनि पंजा उघडला."

साहेब बोलले, "पिन तर तुझ्या सीटखाली मिळाली."

"ती माझी नाय साहेब. मी ती पिन बघितलीच नाय कदी."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ऑपरेटर खरं बोलतोय असं एकच माणूस सांगू शकत होता, तो मुंबईला घशात नळी घालून पडलेला. आणि त्यानं जे सांगितलं होतं ते माझ्याजवळ होतं. साहेबांच्या टेबलापासून मी चार हातांवर उभी. तोंड उघडायचं होतं फक्त. मी फडकं आणून पाणी पुसलं आणि बाहेर आली.

दुपारी ऑपरेटरला कोर्टात नेलं, पोलीस कोठडी मिळाली. मी ताईंना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या बोलल्या, "गप बस. काय सांगशील साहेबांना? जखमी माणूस जबाब देत होता आणि मी त्याला चादरीला पिन लावली? उद्या तुझी ड्युटी बंद. आणि मी हसली म्हणून माझं नाव येईल ते वेगळंच. तपास करायला साहेब आहेत, त्यांना सापडेल." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते ऐकलं.

ऑपरेटरची बायको बाहेरच्या बाकावर होती. माझ्याच वयाची, मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. अटकेची खबर नातेवाईकाला लेखी देतात, तो कागद तिच्या हातात. तिला वाचता येत होतं, बारावी झालेली. तिनं बोट ठेवून मला दाखवलं, "ताई, ह्यात जिवे मारण्याचा प्रयत्न असं लिहिलंय. हे असं कसं लिहिलं? हे तर त्या हेल्परच्या डब्यातलं जेवायचे, दोघं एकत्र." मी बोलली, "साहेब बघतील." ती बाथरूमला गेली तेव्हा बाळ माझ्याकडं दिलं. बाळानं माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि सोडेचना. मी त्या बाळाला घेऊन बसली, त्याचा बाप आत, आणि मला माहीत होतं.

पुढचा दिवसपण असाच गेला. ती परत आली, परत बसली. मी तिला चहा दिला, ती बोलली, "तुम्हीच एक चांगल्या आहात इथं." घरी मी मुलीवर ओरडली, नवऱ्याशी भांडली, काय झालं कोणालाच सांगितलं नाही. डोळ्यापुढं त्या हेल्परच्या चादरीवरच्या पिना. तो बोलत होता आणि मी लावत होती.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ती बाळाला पाजायला भिंतीकडं तोंड करून बसली. तिच्या ब्लाऊजचा हूक तुटलेला. तिनं मला हळूच हाक मारली. "ताई, एक सेफ्टी पिन असेल का?"

मी बांगडीकडं बघितलं. चार होत्या त्यातल्या दोनच उरलेल्या. एक काढताना पिन बोटात घुसली. ती तिला दिली आणि तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली, परवानगी न मागता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. मी रडत होती आणि भरभर बोलत होती, मागचं पुढं, पुढचं मागं. त्यांनी एकच केलं, कागद ओढला आणि हेल्परचे शब्द माझ्याकडून तीनदा बोलवून घेतले. "मंगाया था? मंगाया था असंच बोलला? लाया नहीं?" मग पेन थांबवून विचारलं, "हे तुला समजलं कधी?"

मी बोलली, "आत्ता साहेब. आत्ताच. तिनं पिन मागितली तेव्हा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं, आज रोजी माझ्या लक्षात आले. मी खाली सही केली.

पुढचं सगळं एका दिवसात झालं. साहेब पंचांना घेऊन साइटवर गेले, मलापण नेलं. ड्रिल तसंच जमिनीवर आडवं, पोकलेनचा हात रिकामा. साहेबांनी जप्त केलेली पिन सुपरवायझरच्या हातात दिली. "घाल."

"काय साहेब?"

"पिन आहे ना कपलरची? घाल भोकात."

त्यानं घातली. बोटभर गेली आणि अडकली. त्यानं फिरवली, ठोकली. जाईना. "गंज असेल साहेब, भोकात," तो बोलला.

"गंज? रोज घालता-काढता ना रे?" साहेबांनी पिन पुसली. ग्रीसखाली लोखंड कोरं करकरीत, लेथ मशीनवर कापल्याच्या गोल रेघा तशाच, एकपण चरा नाही. रोज वापरलेल्या पिनेला असं अंग असतं का? पंचनाम्याच्या वेळी ती भोकात घालून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. साहेब स्वतः बोलले, "ही माझी चूक." सगळ्यांसमोर बोलले. ते ऐकून माझं मला जास्तच लागलं.

एवढ्या घाईत पिन बनवायला माणूस कुठं जाईल? साहेब मला बोलले, "तू कॅम्प चारची ना? लेथवाल्यांच्या गल्ल्या दाखव." तिसऱ्या गाळ्यात म्हातारा सिंधी शेठ चष्मा वर करून पिनेकडं बघत बोलला, "साईं, ये तो मेरे यहाँ की है. तीन दिन पहले लंच के बाद एक आदमी आया, बोला अर्जंट. मैंने बोला सैंपल दिखा, नाप दिखा. बोला, नाप नहीं है, अंगूठे जितना मोटा बना. मैंने बोला, भाई, ये पिन है या मूली है?" अपघात अकराचा. पिन बनली जेवणानंतर. सुपरवायझरला समोर उभा केला तसं शेठनं त्याला लगेच ओळखलं.

सुपरवायझर संध्याकाळच्या आत बोलला. पिन आणून दिली नाही हे आपल्या अंगावर येऊ नये म्हणून त्यानंच ती बनवून सीटखाली ठेवलेली. त्याला आणि त्याच्या ठेकेदाराला अटक झाली. ऑपरेटरवरचं मोठं कलम निघालं, हयगयीचं राहिलं, त्याला जामीन झाला. तो बाहेर आला. बायकोनं बाळ त्याच्या हातात दिलं आणि माझ्याकडं वळून वाकली, माझ्या पायाला हात लावला, खाकीच्या बुटाला. "ताई, तुमच्यामुळं सुटले हे. तुम्हाला समजलं आणि तुम्ही लगेच सांगितलं."

लगेच. मी तिला उठवलं आणि बोलली, "अगं, ते माझं कामच आहे."

हेल्पर वाचला. उजवा हात कामाचा राहिला नाही. दीड महिन्यानं साहेब त्याचा जबाब घ्यायला मुंबईला गेले, सगळं जुळलं. परत येऊन त्यांनी मला सांगितलं, हसून नाही, नुसतं सांगितलं, की तो बोलला, "एक पुलिसवाली थी. मैं बोलता रहा, वो पिन लगाती रही."

त्यानंतर मी सहा महिने ड्युटी केली, मग सोडली. घरी सांगितलं मुलीसाठी सोडली. खरं म्हणजे कोणी काही सांगायला लागलं की मी एकेक शब्द हातावर लिहून घ्यायची, समजलेला पण, न समजलेला पण. साहेबांचंच बरोबर होतं, नीट ऐक. माणूस त्याच्या कामाच्या भाषेत बोलतो आणि आपण त्याला आपल्या घरातला अर्थ लावतो. हे मी शिकली. पण ती चूक होती, आणि तिच्यासाठी मी स्वतःला कधीतरी माफ करीन. नंतरचे दोन दिवस चूक नव्हती.

साहेब ह्या वर्षी रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मला बोलावलेलं. त्यांनी भाषणात हीच केस सांगितली, पोकलेन, ड्रिल, दांडा, आणि बोलले, "आमच्या होमगार्ड ताईंच्या लक्षात आलं त्याच क्षणी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिली, नमस्कार केला, खाली बसली. शेजारी माझी मुलगी, तीपण टाळ्या वाजवत होती.

ती बाई अजून मला भेटते. मी बदलापूरला भाजी घ्यायला गेली की ती हाक मारते, तिचं बाळ आता चालतं, तिनं त्याला शिकवलंय, ही मावशी, हिनं पप्पांना आणलं. प्रत्येक वेळी मी ठरवते आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी घरी येते. जबाबावर 'आज रोजी' लिहिलंय ते खोटं आहे, तुझा नवरा आत बोलला तेव्हाच मला समजलेलं, आणि त्यानंतर दोन दिवस मी तुला चहा देत होती. तोंडानं हे मला बोलता येत नाही.

तिला वाचता येतं. म्हणून लिहिलंय.